वाघाचं नाक

डब्या बोलायच्या त्या काळी वसईत बावतीस नावाचा गिटारवाला घरीच पेडल बनवायचा. पेडल म्हणजे पत्र्याची डबी. ती पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलतो. एकदा त्याच्या बायकोने, फिलोमेनाने, घाईघाईत भोकं पाडण्याआधीच एका डबीवर झकास वाघ रंगवला.

मग ड्रिल आलं. वाघ म्हणाला, "काय विचार आहे?"

ड्रिल म्हणालं, "डोळ्यांत फिरवायची दोन बटणं, नाकावर पायाचं बटण."

"माझ्या नाकावर पाय? भोक पाडायचंच तर शेपटीच्या टोकाला पाड."

"तिथपर्यंत वायर पोचत नाही."

"मग राहू दे."

ते देखणं नाक फोडायला बावतीसचंही मन होईना. त्याने डबी तशीच फळीवर ठेवली.

शेजारच्या डबीवर उरलेल्या रंगातला बेडूक होता. तो ड्रिलला म्हणाला, "माझे डोळे काढायचे राहिलेच आहेत. तुझी बटणंच डोळे म्हणून चालतील."

पुढे दारातच पुतणीचं लग्न निघालं. बावतीसने गिटार छेडत बेडकाच्या नाकावरच्या बटणावर पाय दिला, तशा मांडवातल्या ताटल्या थरथरल्या आणि कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. एक म्हातारी म्हणाली, "मांडवात वाघ कुणी आणला?"

फळीवरच्या वाघाने ते ऐकलं आणि सगळा जीव एकवटून डरकाळी फोडली. पोटात फिलोमेनाने ठेवलेल्या टाचण्या तेवढ्या किणकिणल्या.

पाहुणे गेल्यावर त्याने ड्रिलला हळूच विचारलं, "नाकाला फार दुखतं का?"