आवडीकाकीची भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खाडीकाठच्या आमच्या नांदखोल गावात बागा आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक बांध तेवढा होता. बांधाच्या आत पोफळी, केळी, पानवेली. बाहेर खारं पाणी, वाटच बघत बसलेलं.

एका पावसाळ्यात उधाणाने बांधाला भोक पाडलं. लोक धावले, पण आधी आपापल्या घरी धावले. कुणाची कुदळ गोठ्यात, कुणाचं खोरं परसात गंजलेलं, कुणाच्या फावड्याचा दांडा वाळवीने खाल्लेला. "माझी पहार तूच नेलीस" म्हणून दोघे भांडत उभे राहिले आणि तेवढ्यात पाणी आत शिरलं. सगळ्यात खालची बाग आवडीकाकीची. ती मिठाने जळून गेली. मागेपुढे कुणी नसलेली बाई, तेवढीच एक बाग होती तिला.

दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. काकीने देवळामागची पडवी झाडली. मग घरोघर फिरून गावभरची अवजारं गोळा केली, घासली, नवे दांडे बसवले, करंजाचं तेल चोळलं आणि भिंतीवर खुंट्या ठोकून टांगली. प्रत्येक अवजाराभोवती तिने गेरूने रेघ ओढली. अवजार नेलं की भिंतीवर नुसती रेघ उरायची. रोज संध्याकाळी "भिंत भरली का?" असं विचारून मगच ती पान वाढून घ्यायची. एक खुरपं जरी यायचं असलं तरी उपाशी बसायची. आणि बाई उपाशी बसली म्हटल्यावर गावाच्या घशाखाली घास कसा उतरणार?

धाकू शेलार हा गावातला अव्वल विसराळू. त्याने एकदा चिखलाने भरलेली कुदळ तशीच टांगली. काकी कडाडली, "मेल्या, जेवून खरकट्या हातानेच झोपतोस काय रे?" सगळं गाव हसलं. धाकूने मात्र कुदळ उतरवून धुतली.

मग पुढच्या श्रावणात मोठं उधाण आलं. भरदुपारी अंधारून आलं आणि पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना. बांध पुन्हा फुटला. या खेपेला कुणी घरी धावलं नाही, कुणी भांडलं नाही. सगळे पडवीत शिरले, त्या काळोखात हात वर केले आणि ज्याचं त्याचं अवजार हाताला लागलं. असं म्हणतात, की अवजारं आपण होऊन खुंटीवरून उतरली. मी काही बघायला नव्हतो. पण उतरली असतील. इतक्या मायेने तेल लावणाऱ्या बाईसाठी मीही उतरलो असतो.

शेवटी काकीने आपलं खोरं घेतलं आणि ती बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरली, कारण तिकडून लिंपल्याशिवाय माती ठरत नव्हती.

"काकी, लाट आली, वर ये!" धाकू ओरडला.

"तू माती टाक रे. माझी बाग गेली, तुमच्या तरी राहू देत."

धाकूने माती टाकली. भोक बुजलं आणि लाट आली. लाट ओसरली तेव्हा बांध होता, काकी नव्हती.

पाऊस थांबल्यावर लोकांनी रडत रडत अवजारं धुतली, पुसली, तेल लावून टांगली. कुणीतरी सवयीने विचारलं, "भिंत भरली का?" धाकूने बघितलं. एका खोऱ्याची रेघ रिकामी होती.

"एक यायचंय," तो म्हणाला आणि तिथेच बसला. त्या दिवशी नांदखोलात चूल पेटली नाही.

असं म्हणतात, की बांधाच्या त्या जागी आजही खेकडा बीळ करत नाही.

पडवी आता पक्की झाली आहे. दर दसऱ्याला तिथे सगळ्या रेघा गेरूने नव्याने ओढतात. काकीच्या खोऱ्याचीही ओढतात, पण त्या खुंटीवर कुणी काही टांगत नाही. आणि घरोघरी त्या दिवशी जेवणाआधी कुणीतरी विचारतं, "भिंत भरली का?" पोरं ओरडतात, "एक यायचंय!" मग घरातलं सगळ्यात लहान माणूस दारापर्यंत जातं, बांधाकडे बघून येतं आणि मगच पानं वाढतात.