तिसरा पर्याय

“आणि चुकीचा पर्याय लिहायला कुणी शिकवलं तुला?”

उपासनी सरांनी विचारलं तशी डॉ. शलाका भोईटे हसली. हाच प्रश्न निघावा म्हणून ती पुण्याहून जुन्नरला आली होती.

“तुम्हीच की, सर.”

“मी? मी बरोबर काय ते लिहायला शिकवलं.”

“ज्या पर्यायाला कुणी फसत नाही तो पर्याय फुकट, असं कोण म्हणालं होतं?”

“हं…” सर म्हणाले. “म्हणालो असेन.”

सर जुने फिजिशियन. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांसाठीची पाठमाला ते घरी बसून संपादित करत. डॉक्टर झाल्यावर शिकणं थांबू नये, म्हणून एका संस्थेने ती मराठीत चालवली होती. फोनवर पाठ यायचा. त्यात एका रोग्याची हकीकत, खाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पुरेशी उत्तरं बरोबर आली की डॉक्टर पास, आणि नोंदणी टिकवायला लागणारे क्रेडिट त्याच्या नावावर जमा.

आता सरांची नजर अधू झाली होती. पाठमाला कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. शलाकाला वाटत होतं, दुसरं नाव निघणारच नाही. चालती प्रॅक्टिस सोडून ती या लिखाणात उतरली होती. आजचा दिवस आणि वेळ सरांनीच काल फोन करून ठरवली होती, तेव्हा तर तिची खात्रीच झाली.

“तुझा सगळ्यात चांगला पाठ कुठला?” सरांनी विचारलं.

“आग्या मोहोळाचा.”

“का?”

“त्यातल्या एका प्रश्नाच्या तिसऱ्या पर्यायाला निम्म्याहून जास्त डॉक्टर फसले, सर. चांगले अनुभवी डॉक्टर!”

“डॉक्टर आहेस की पाकीटमार?”

ती मोकळेपणी हसली. सर हसले नाहीत.

“म्हणून दाखव तो पर्याय. फसतात तो.”

तिला आठवावं लागलं नाही.

“‘वेळ दवडू नका. शीर धरा, अख्खी अ‍ॅम्प्यूल एका दमात द्या.’”

“छान आहे.”

“चार दिवस घासत होते. घाबरलेल्या डॉक्टरच्या मनात जे येतं तेच लिहिलंय. मधमाश्या डसून रोगी कोसळला, रक्तदाब पडला, हातात अ‍ॅड्रेनलिनची कुपी आहे… त्याला वाटणारच, सरळ शिरेत द्यावं.”

“आता बरोबर पर्याय म्हण.”

“‘योग्य मात्रेत… स्नायूमार्गे… ऊरूच्या मध्य…’” ती अडखळली. “मध्य-बाह्य भागी… असंच काहीतरी आहे, सर. तो मुद्दाम सपाट ठेवलाय.”

“ऊरू म्हणजे?”

“मांडी.”

“मग मांडी का नाही लिहिलंस?”

“मांडी लिहिलं की डोळा तिथेच जातो. बरोबर उत्तर उठून दिसलं तर प्रश्न वाया गेला. पुढच्या पानावर स्पष्टीकरण आहेच की.”

 सरांनी बशी पुढे सरकवली. तिने चहा ओतला.

बाहेर मोटारसायकल थांबली.

“बुधाजी आला,” सर म्हणाले.

आत आलेला माणूस पन्नाशीचा असेल. डोक्याला टोपी, हातात डॉक्टरची जुनी बॅग. त्याने सरांच्या पायांना हात लावला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोक्यावर केसांची नुसती खुंटं उगवली होती. उन्हाळ्यासाठी चकोट केला असेल, असं शलाकाला वाटलं.

“हा डॉ. बुधाजी शेळकंदे. माझा विद्यार्थी. वर घाटात दवाखाना चालवतो,” सर म्हणाले. “आणि बुधाजी, ह्या डॉ. शलाका भोईटे.”

शेळकंदे चटकन उठून उभा राहिला.

“आग्या मोहोळाचा पाठ लिहिलेल्या?”

“हो. मीच.”

त्याने दोन्ही हात जोडले.

“मॅडम, तुमचे उपकार आहेत बघा. तुमचा पाठ वाचला नसता तर त्या दिवशी मी नुसता बघत उभा राहिलो असतो.”

शलाकाने सरांकडे पाहिलं. पाहिलंत ना, असं त्या पाहण्यात होतं. सर बशीत बघत होते.

“इतका कामाला आला?” तिने विचारलं.

“आला म्हणजे काय! आम्ही घाटातली माणसं, मॅडम. औषधं ठाऊक असतात, पण वेळ आली की डोकं चालत नाही. तुमचं मात्र एकदा वाचलं ते वाचलं. पार डोक्यात बसलं.” त्याने उजवी मूठ गुडघ्यावर हलकेच आपटत, पोरं पाढे म्हणतात तसं म्हटलं, “‘वेळ दवडू नका. शीर धरा, अख्खी अ‍ॅम्प्यूल एका दमात द्या.’”

शब्दान् शब्द बरोबर होता.

क्षणभर तिला बरं वाटलं. क्षणभरच.

मग हातातला कप खाली ठेवायला तिला जागा सापडेना.

“तुम्ही… पास झाला होतात ना त्या पाठात?”

“झालो की. एखादं चुकलं असेल, पण क्रेडिट जमा झालं. बाहेर पेशंट खोळंबले होते, पुढची पानं काय उघडली नाहीत.”

“आणि हे तुम्ही… दिलंत? कुणाला?”

शेळकंदे ताठ बसला. वरिष्ठांसमोर केस सांगताना डॉक्टर बसतात तसा.

“स्त्री. वय सत्तेचाळीस. आधीचा आजार नाही. कड्याखाली लाकडं गोळा करताना आग्या मोहोळ उठलं. डोकं, मान, पाठ, सगळीकडे डंख. दवाखान्यात आणली तेव्हा शुद्धीवर होती. बोलत होती. ओठ सुजलेले, अंगावर गांधी उठलेल्या, नाडी बारीक. अ‍ॅड्रेनलिन अख्खी अ‍ॅम्प्यूल शिरेतून, एका दमात. त्यानंतर…” तो थांबला. “त्यानंतर छातीत कळ. नाडी अनियमित. मग नाडी नाही. छाती दाबत राहिलो. बराच वेळ दाबली.”



“पेशंटचं नाव सांग, बुधाजी,” सर हळूच म्हणाले.

“इंदू.”

त्याने शलाकाकडे पाहिलं.

“माझी मिसेस, मॅडम.”

शलाकाने त्याच्या डोक्यावरच्या खुंटांकडे पाहिलं. तो आल्यापासून ती त्यांच्याकडेच तर बघत होती.

“मूलबाळ नाही आम्हाला,” तिची नजर ओळखून तो म्हणाला. “सगळं मलाच करावं लागलं.”



“एक आहे मात्र,” शेळकंदे म्हणाला. “माझा हात थरथरला नाही. बायको समोर पडलेली असताना हात थरथरला नाही माझा. वाक्य डोक्यात होतं ना. लोकं विचारतात, तुम्ही डॉक्टर असून असं कसं झालं? मी सांगतो, बाबांनो, जे करायचं ते सगळं केलं. रात्री तेवढ्यावर झोप लागते.”

मग तो सरांकडे वळला.

“सर, काल फोनवर म्हणालो होतो ना, तेवढंच विचारायला आलो. सगळं पाठाप्रमाणे केलं. मग कमी कुठं पडलो?”

“मी नाही सांगणार,” सर म्हणाले. “पाठ लिहिणारी समोर बसलीय. तिला विचार.”

शेळकंदे तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. परीक्षेनंतर हुशार वर्गमित्राला उत्तर विचारावं, तसा चेहरा होता.

“डंखच जास्त होते,” तो म्हणाला. “तसंच असेल. नाही का, मॅडम?”

हो म्हणायचं, एवढंच होतं. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. कधी कधी सगळं नीट करूनही माणूस जातो. ते वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. गोल, मऊ, कुठेही न टोचणारं. असली वाक्यं तिला सहज सुचत.

“तसं… कधी कधी…” तिने सुरुवात केली.

“तेच म्हणतो मी,” शेळकंदेने मान डोलावली. पायाशी ठेवलेल्या बॅगेवर त्याने थोपटलं. “मोहोळ अजून तिथंच आहे, कड्याला. बायका लाकडाला जायच्या थांबत नाहीत. आता दोन अ‍ॅम्प्यूल कायम जवळ ठेवतो. पुढची आली तर तिला तरी वाचवीन.”



शलाकाने सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटले होते.

ती खुर्चीवरून उठली आणि शेळकंदेच्या पुढ्यात खाली, फरशीवर बसली. स्वतःच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला तिने तळहात टेकवला.

“डॉक्टर, इथे द्यायचं. मांडीत. स्नायूत. अर्धी अ‍ॅम्प्यूल.”

“म्हणजे… शिरेतून दिल्यावर, आणखी इथं?”

“नाही. फक्त इथे.”

“पण पाठात…”

“पाठात चार पर्याय होते. तुमच्या लक्षात राहिला तो चुकीचा होता. मुद्दाम चुकीचा लिहिलेला. मी लिहिलेला.”

शेळकंदे तिच्याकडे बघत राहिला. ऐकू आलं नसावं, असा.

“आणि बरोबर?”

“पहिला. आणि पुढच्या पानावर.”

“पुढच्या पानावर…”

तो खाली, तिच्या हाताकडे बघू लागला. मग त्याने स्वतःचा हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला, बाहेरच्या अंगाला. जरा वर, मग जरा खाली. जागा शोधल्यासारखा.

“बोलत होती हो ती,” तो म्हणाला. “दवाखान्यात आणली तेव्हा. मला म्हणाली, घाबरू नका तुम्ही.”

आणि त्याचा हात थरथरू लागला. इतका, की त्याला तो दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला.

कुणी त्याला पाणी दिलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. टोपी खाली पडली होती, ती उचलून त्याने डोक्यावर नीट बसवली. सरांच्या पाया पडला. बॅग घेतली. दारापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला.

“अर्धी?”

“अर्धी,” शलाका म्हणाली.

“आणि तेवढ्यानं नाही सावरली तर?”

“पाच मिनिटांनी पुन्हा तेवढीच. मांडीतच. आणि गाडी बोलवा, मोठ्या दवाखान्यात हलवा.”

त्याने मान हलवली. मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. मग झाली.

शलाका अजून फरशीवरच होती.

“तुम्हाला माहीत होतं, सर. काल त्याचा फोन आला तेव्हाच कळलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“मला आधी सांगता आलं असतं.”

“सांगून?”

 तिने विचारलं, “तुम्ही संपादक आहात. तुम्ही तो पर्याय का जाऊ दिलात?”

“वाचताना मलाही आवडला होता,” सर म्हणाले.

तिने पर्समधून फोन काढला आणि संस्थेच्या कार्यालयाला लावला. आग्या मोहोळाचा पाठ आत्ताच्या आत्ता काढून टाका, म्हणाली. पलीकडचा माणूस चकित झाला.

“मॅडम, तो तर आपला सगळ्यात जास्त वाचला गेलेला पाठ! लोक एकमेकांना पाठवतात!”

“काढा,” ती म्हणाली. “आणि दुरुस्ती पाठवायची आहे, सगळ्यांना. लिहून घ्या. ‘आग्या मोहोळाच्या पाठातील, शीर धरा, अख्खी अ‍ॅम्प्यूल…’”

सरांनी हात वर केला.

ती थांबली.

“तीच ओळ पुन्हा त्यांच्या घरी पाठवतेस?” सर म्हणाले.

फोनमधून आवाज येत होता, “हॅलो? मॅडम, पुढे काय लिहू?”

“मोहोळ डसलं तर अ‍ॅड्रेनलिन मांडीत,” ती म्हणाली. “बाहेरच्या अंगाला. अर्धी अ‍ॅम्प्यूल. एवढंच लिहा.”

“एवढंच? मथळा, संदर्भ, काही…?”

“एवढंच.”

तिने फोन बंद केला. खोलीत उन्हाची तिरीप आली होती. चहावर साय धरली होती.

ज्या कामासाठी ती आली होती ते तिला आता आठवलं.

“सर,” ती म्हणाली, “पाठमाला दुसऱ्या कुणाला द्या. मी आता लिहिणार नाही. एक ओळसुद्धा नाही.”

सर उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले. रस्ता रिकामा होता, तरी ते घाटाच्या दिशेने बघत राहिले.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले, “बुधाजीलाही दवाखाना उघडायचाय.”