बियाण्याचे दाणे

फार जुन्या काळची गोष्ट. अरवलीतल्या एका ठाकुराने दुष्काळातही शेतसारा माफ केला नाही. गावातलं उरलंसुरलं धान्य त्याने उचललं, चौधरी रूपाजीचा बैलही ओढून आणला आणि आपल्या लाडक्या केसर घोडीशेजारी बांधला.

केसरने आपले दाणे पुढे सारले. "खा रे, उपाशी का राहतोस?"

"हे आमच्या गावाचं पेरणीचं बियाणं आहे, बाई," बैल म्हणाला. "मला नाही गिळवणार."

केसरच्या तोंडातला घास कडू झाला. सकाळी त्याच धान्याचा नजराणा घेऊन राजाच्या दरबाराला निघताना ठाकुराने टाच मारली, पण ती हलेना.

"मालक, हे मी खाल्लं, तर गाव पेरणार काय?"

ठाकूर खोगिरावरून खाली उतरला. त्याने बैल सोडला आणि धान्याची पोती गावाकडे परत धाडली.

नजराण्याविना आलेल्या ठाकुराला दरबारात सगळ्यांत मागे बसवलं. बाहेर केसर वाळकं गवत चघळत त्याची वाट पाहत होती.