भैरूचा तांब्या

“त्यांचं सरकार देतं ना, वस्ताद? मग आपल्याच सरकारला काय धाड भरलीय?”

कोल्हापुरातल्या तालमीच्या कट्ट्यावर बसून रणधीर तणतणत होता. विशीत तो इथल्याच मातीत घुमायचा. आता त्याची पंपाचे भाग ओतायची फाउंड्री होती आणि मोठी ऑर्डर चीनच्या कारखान्याने पळवली होती. भट्टी गार पडली होती.

म्हातारे वस्ताद थंडाईसाठी बदाम वाटत होते.

“चीनमध्ये जमीन काय, कर्ज काय, मागेल ते! जर्मनीत कामगार शिकवून तयार मिळतो. कोरिया तर बँकांच्या जिवावरच वर आला. बघून आलोय मी. अंगाची नुसती आग झाली!”

“हं…”

“उद्योगमंत्री तुमचाच पठ्ठा. एक शब्द टाका. मलाही तेवढं द्या म्हणावं. आणि बाहेरचा माल बंदरावरच अडवा.”

वस्तादांचा हात थांबला.

“कोरियातल्या बँका बदल्यात काय मागायच्या?”

“परदेशात माल विकून दाखवा म्हणायच्या. नाही दाखवला की हात आखडता घ्यायच्या. पण ते जाऊ द्या हो!”

“भैरू आठवतो?”

न आठवायला काय झालं! याच तालमीतला जोडीदार पैलवान. तालमीचं दूध भैरूला मिळायचं, रणधीरला नाही. भैरूने तांब्या तोंडाला लावला की हा त्याच्या नरड्याकडे बघत बसायचा. इतक्या वर्षांनीही त्याचा जळफळाट झाला.

“त्याला दिलंत. मला कधी दिलं नाहीत.”

“तो जत्रेच्या मैदानात उतरायचा. हरायचा, पुढच्या जत्रेला परत उतरायचा.”

“आणि मी इथं सगळ्यांना चीत करायचो!”

“इथं…”

रणधीरचे कान तापले. जत्रा आली की त्याची कंबर नेमकी धरायची. ती खरी धरायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. वस्तादांनाही ठाऊक असेल, असं मात्र आजवर वाटलं नव्हतं.

वस्तादांनी थंडाई गाळली, तांब्या काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला. रणधीरने अधाशासारखा हात घातला. वस्तादांनी वर पंजा ठेवला.

“मंत्र्याला सांगतो. हे पण पी.”

“मग हात काढा की, वस्ताद…”

म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने खुंटीवरचा लंगोट ओढला आणि त्याच्या इस्त्रीच्या पँटीवर टाकला.

“रविवारी जत्रेचं मैदान आहे. तुझी जोड लावू का?”