महाराजांनी न पाहिलेलं सोंग

कुमुदची तीन रात्री झोप उडाली होती, आणि तीसुद्धा शाळेच्या एका सूचनापत्रापायी!

उंबरगडच्या महाराजांनी आपल्या रिकाम्या हत्तीखान्यात प्राथमिक शाळा काढली होती. हत्ती गेले, मुलं आली. गोंगाट तेवढाच राहिला. दर शनिवारी हेडमास्तर मुलांच्या दप्तरातून पालकांना सूचनापत्र धाडत. बाकीच्या आया ते चूल पेटवायला घेत. कुमुद पडली सातवी पास! ती ते तीन-तीनदा वाचायची आणि तिन्ही वेळा घाबरायची. या खेपेला लिहिलं होतं:

'सोमवारी नखे तपासली जातील. मंगळवारी देवी टोचणार. रडणाऱ्या पालकांनी बाहेर थांबावे. बुधवारी पालकसभा. पहिलीच्या वर्गात सापडलेला बेडूक ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा. शुक्रवारी वेशभूषा. गेल्या वर्षी अकरा भाजीवाल्या पाहून महाराज संतापले होते. यंदा महाराजांनी जन्मात न पाहिलेले निदान एक तरी सोंग हवे. अन्यथा शाळेची दिवाळीची सुट्टी रद्द!'

सुट्टी रद्द म्हणजे माहेर रद्द! आणि कुमुदला दोन वर्षं भाऊबीज घडली नव्हती.

"आपल्या बकुळला भाजीवाली कर," नवरा म्हणाला. "मेथीची जुडी मी आणतो."

"अहो, भाजीवालीच तर नकोय त्यांना!"

"मग फळवाली कर," म्हणून त्याने भाकरी मोडली. त्याच्या लेखी प्रश्न सुटला होता.

बुधवारी कुमुद नेहमीप्रमाणे सभेला उशिरा पोचली. पुढचं दार बंद. हत्तींना चारा टाकायच्या मागच्या दारातून ती आत सरकली, ती थेट महाराजांच्या मागेच! महाराज पालकांकडे तोंड करून गरजत होते, "वाघ पाहिलाय, समुद्र पाहिलाय, साहेबाची मड्डम पाहिलीय! मी न पाहिलेलं काही उरलंय का या जगात?"

आणि कुमुदला ते दिसलं. महाराजांच्या जांभळ्या मखमली अंगरख्यावर, पाठ संपते आणि बसायची जागा सुरू होते तिथे, पिवळ्याधमक रंगाचा पंजा! चिमुकली पाच बोटं!

शेजारी उभ्या दिवाणजींनी कुमुदकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. हा अंगरखा महाराज फक्त समारंभाला घालत, आणि गेलं वर्षभर प्रत्येक समारंभात अख्खा दरबार असाच छताकडे बघत आला होता. सांगणार कोण?

'कुणाच्या कार्ट्याचं हे काम!' कुमुदच्या मनात आलं. 'आणि त्या कार्ट्याच्या आईला झोप तरी कशी लागते?'

घराच्या वाटेवर ती एकदम थबकली. महाराजांनी जन्मात न पाहिलेलं... सापडलं की!

गुरुवारी तिने जुनं जांभळं लुगडं फाडलं. टाके घालता घालता दहा वेळा वाटलं, राहू दे, फळवालीच बरी. बकुळला तुरुंगात टाकलं तर डबा कोण पोचवणार? आणि तिला भेंडी आवडत नाही हे तिथे कोण ऐकून घेणार?

शेवटी तिने हळद कालवली.

"आई, पंजा जरा खाली," बकुळ म्हणाली.

"इथे?"

"अजून खाली. थोडा तिरका. हां, अस्सा!"

काळजीच्या भरात कुमुदने ऐकलं आणि सोडून दिलं.

शुक्रवारी एकेक सोंग पुढे येऊ लागलं. चादर पांघरून भूत आलं. "पाहिलंय!" महाराज म्हणाले. "लहानपणी रोज!" भोपळा आला. "पाहिलाय! खाल्लाय! आवडला नाही!" मग ओळीने सात भाजीवाल्या आल्या, तेव्हा महाराजांनी डोळेच मिटले. हेडमास्तरांनी सुट्टीच्या पाटीवर फुली मारायला खडू उचलला.

तेवढ्यात बकुळ आली. उलटी चालत! जांभळा अंगरखा, मागे पिवळा पंजा, खाली लोंबणारी नाडी.

"माझ्याकडे पाठ करून येतेस?" महाराज ओरडले. "हे कसलं सोंग?"

"महाराजांची पाठ," कुमुद म्हणाली. तिने शेजारच्या भाजीवालीची पाटी घट्ट धरली.

"हॅ! माझी पाठ जन्मापासून माझ्याबरोबर आहे, बाई! रोजची पाहण्यातली!"

"रोज पाहता, महाराज?"

"रोज!"

"मग तो पंजा अजून का नाही पुसलात?"

अख्खा दरबार छताकडे बघू लागला.

"कसला पंजा? दिवाणजी! माझ्या पाठीवर पंजा आहे?"

"पाठीवर नाही, सरकार," दिवाणजी छताला सांगू लागले. "जरा खाली."

दोन आरसे आले. महाराज गोल गोल फिरले, वाकले, मान मुरगाळून पाहू लागले आणि जागच्या जागी थिजले.

"म्हणजे साहेबाच्या मेजवानीलाही मी हा घेऊनच गेलो होतो?"

"मड्डम फार हसल्या, सरकार. आपण म्हणालात, मी विनोदी आहे म्हणून."

महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते इतके हसले की मंदील घसरून डोळ्यांवर आला. "नाही पाहिला! शपथेवर सांगतो, जन्मात नाही पाहिला! हेडमास्तर, सुट्टीत आणखी आठ दिवस घाला. या बाईंना माहेरी पोचवायला माझी घोडागाडी द्या. आणि या पोरीला पेढे!"

हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत त्यांनी विचारलं, "पण काय हो, हा लावला कुणी?"

घोडागाडी मिळाल्यावर कुमुदला भलताच धीर आला होता. "खरंच, महाराज," ती म्हणाली, "त्या पोराच्या आईला एकदा विचारायलाच हवं!"

बकुळने पेढ्याचा तोबरा गालात सरकवला आणि चिकट हात वर केला. "मीच की! बालवर्गात होते तेव्हा. पण आता माझा हात मोठा झालाय. वळा ना, महाराज, नवा लावून देते!"