जोडणीला मोकळी जमीन

सन २०१६, वैशाखाचा शेवटचा आठवडा. सोलापुरात एका वृद्ध मास्तरांचा शिष्य चादरीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. नाव अंबादास. कारखान्याच्या मालकांनी त्याला याच मशीनवर फुकट शिकू दिले होते. त्या उपकाराची फेड करायची होती.

नव्या नक्षीचा प्रोग्रॅम मागांना कळेल अशा भाषेत उतरवणारा कंपायलर मंद होता. तो काम उरकेपर्यंत माग उभे राहत. अंबादास म्हणाला, "मालक, मूळ सोर्सपासून कंपायलरच नव्याने बांधून देतो. चपळ."

"बांध बाबा. पण आजची सुट्टी संपून कारखान्याचा सकाळचा भोंगा वाजला की मला मशीन चालू पाहिजे. तुझ्या मास्तरांनी शब्द दिलाय म्हणून हो म्हणतो."

कंपायलर पुष्कळ तुकड्यांचा असतो. तुकडे वेगवेगळे तयार होतात, मग ते जोडून त्यातले अनेक प्रोग्रॅम बनतात; प्रत्येकाची जोडणी वेगळी. अंबादासने लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू केले. म्हणजे जोडताना सगळे तुकडे एकदम पाहायचे आणि निकामी ते छाटायचे. इथवर त्याचे बरोबर होते. पण तुकडे घडवायला एका वेळी आठ कामे लावली होती, तीच आठ त्याने जोडणीलाही लावली. तुकडे भराभर झाले. जोडणी आली आणि मशीन गोठले. बंद करून पुन्हा लावले, पुन्हा गोठले. तेव्हा जास्त हात लावले तर उरकेल म्हणून त्याने आठाचे बारा केले.

बारावरही गोठले, तेव्हा मास्तर आले. वृद्ध, मितभाषी. पडद्याकडे एकदा पाहिले.

"ऊठ. जाजम जुळव."

त्या कारखान्यात मोठे जाजम चार पट्ट्यांचे होई. पट्ट्या वेगवेगळ्या मागांवर विणायच्या, मग जमिनीवर शेजारी अंथरून नक्षी जुळवायची, जादा काठ कापायचा आणि शिवायचे.

"मास्तर, भोंगा वाजायला आला, आणि जाजम?"

"अंथर."

अंबादासने चार पट्ट्या अंथरल्या. खोली भरली.

"आता दुसरं जाजम अंथर."

"कुठं? तुमच्या डोक्यावर?"

"अंथर म्हटलं ना."

दुसऱ्या पट्ट्या पहिल्यांवर पडल्या. खालची नक्षी झाकली. अंबादास कात्री घेऊन बसून राहिला. कुठे चालवावी ते कळेना.

मास्तर म्हणाले, "माग आपल्यापुरती पट्टी पाहतो. म्हणून माग आठ लाव, बारा लाव. जुळवणाऱ्याला अख्खं जाजम एकदम दिसावं लागतं. त्याला सगळी जमीन लागते. तू एका जमिनीवर आठ जाजमं अंथरलीस. अडलं तेव्हा बारा. हात वाढवल्यानं जमीन वाढत नाही."

अंबादासने दुसरे जाजम घडी करून बाजूला ठेवले. मशीनपुढे बसला. तुकड्यांना आठ ठेवले, जोडणीला एक, म्हणजे मशीनची सगळी मेमरी त्या एका जोडणीला मोकळी.

"मास्तर, एकेक करून भोंग्याआधी होईल?"

"चालू असलेल्या मशीनला विचार. गोठलेलं उत्तर देत नाही."

मशीन चालत राहिले. एक जोडणी संपे, दुसरी सुरू होई. अंबादासने सेटिंगला पुन्हा हात लावला नाही.

भोंगा वाजला तेव्हा मालक दारात होते. त्यांनी नवी नक्षी दिली. हातातला चहा निवायच्या आत माग सुरू झाले.

शिकायला म्हणून दिलेली कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली अंबादासने मालकांच्या हातावर ठेवली. फेड झाली.