खिळ्यावरची क्लचप्लेट

गाड्यांचे सुटे भाग आपसात बोलत, त्या काळची ही गोष्ट. रेगे मास्तरांच्या जुन्या गाडीचं इंजिन नुसतंच गरजायचं. गाडी चढावर पुढे सरकेना. गफूरमिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, झिजलेली क्लचप्लेट काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि नवी बसवायला घेतली.

आठ वर्षं ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे घासली गेली होती. आज दोघांपैकी एकानेही तिची चौकशी केली नाही.

"तू कमजोर निघालीस," नवी प्लेट म्हणाली. "मी नाही झिजणार."

"मास्तरांच्या डाव्या पायापासून जप," जुनी म्हणाली. "गाडी बंद पडेल या भीतीपोटी ते तो क्लचवरून उचलतच नाहीत."

मिस्त्रीनेही बजावलं, "मास्तर, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, प्लेट झिजते."

"छे छे, आता नाही!" म्हणत मास्तर गाडीत बसले. गाडी गॅरेजबाहेर पडली, तेव्हा त्यांचा डावा पाय क्लचवरच टेकलेला होता.

"अगं, सांभाळ!" जुनी ओरडली. पण गाडी केव्हाच वळणाआड गेली होती.

मग तिचं लक्ष शेजारच्या रिकाम्या खिळ्याकडे गेलं. तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.